पीएस ४ वर लिनक्स: जळगावात करून घेतलं, उन्हाळा-पावसाळा वापरलं, त्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेल्यांचा वेळ वाचेल. घरात पीएस ४, म्हणजे सोनीचं गेमचं मशीन, धूळ खात पडला असेल आणि त्याचं फर्मवेअर (आतलं सिस्टीम सॉफ्टवेअर) जुनं असेल तर त्याच्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजसारखी पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम, टाकून घ्याच, थोड्या पैशात मशीन परत कामाला लागतं आणि घरातली पोरं त्यातून जे शिकतात ते कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. पण नुसतं लिनक्स चालवायला म्हणून बाजारात सेकंडहँड पीएस ४ शोधायला निघाला असाल तर नका घेऊ, तेवढ्याच पैशात ऑफिसातून निघालेला जुना पीसी येतो आणि रोजच्या कामाला तो सरस आहे. पाचपैकी साडेतीन स्टार देतो, दीड कुठे गेले ते खाली लिहिलंय.

आमचं मशीन आलं धुळ्याहून. साडूंनी पीएस ५ घेतला, जुना पीएस ४ स्लिम कपाटात गेला आणि तिथेच राहिला, नेटला कधी लागलाच नाही, त्यामुळे त्याचं फर्मवेअर ९.०० वर थांबलेलं होतं. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाची गोष्ट हीच असते हे आधी समजून घ्या. सोनी या मशीनवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकू देत नाही. टाकायची तर मशीनच्या आतल्या सिस्टीममधली एखादी फट शोधावी लागते आणि प्रत्येक अपडेटमध्ये कंपनी आधीच्या फटी बुजवते. एकदा अपडेट झालं की मागे जाता येत नाही. म्हणजे ज्याने मशीन नीट अपडेट करत ठेवलं त्याला यातलं फारसं काही मिळत नाही आणि ज्याने कपाटात टाकून दिलं त्याचं सोनं होतं.

९.०० साठी २०२१ च्या डिसेंबरात एक वाट सापडली, तिच्यात पीएस ४ च्या ब्राउझरमधून एक पान उघडायचं असतं आणि मध्येच सांगितल्यावर एक खास तयार केलेला पेनड्राइव्ह खोचायचा असतो. नंतर मे २०२४ मध्ये अँडी न्युएन या सिक्युरिटी रिसर्चरने, नेटवर दफ्लो नावाने ओळखतात त्याला, ११.०० पर्यंतच्या मशीनसाठी लॅन केबलमधून जाणारी वाट काढली, पीपीपीवन तिचं नाव. मला यातली भारी गोष्ट ही वाटते की ती चूक पीपीपीओई म्हणजे ब्रॉडबँडला लॉगिन करायच्या जुन्या पद्धतीच्या कोडमध्ये होती आणि तीच चूक २००६ मध्ये फ्रीबीएसडी, नेटबीएसडी या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सापडून दुरुस्तसुद्धा झाली होती. पीएस ४ ची स्वतःची सिस्टीम, ऑर्बिस ओएस, ती फ्रीबीएसडीवरच बनलेली आहे. म्हणजे अठरा वर्षांपूर्वीची माहीत असलेली चूक इतक्या मोठ्या कंपनीच्या मशीनमध्ये तशीच राहिली होती. हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला मामा, मग आपण कॉलेजात जे शिकतोय ते खरंच कुठेतरी वापरतात तर. डिप्लोमाला कॉम्प्युटरला आहे तो.

आता दुकानाचं. गोलाणी मार्केट जळगावकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो, मोबाइल-कॉम्प्युटरचं जे काही काम असेल ते तिथे कुठल्यातरी मजल्यावर होतंच. पहिल्या एका दुकानात विचारलं तर त्याने मशीन बघितलंसुद्धा नाही, सगळ्या पीएस ४ वर होतं ठेवून जा म्हणाला, तिथून आम्ही निघालो. दुसऱ्या दुकानात जो पोरगा बसतो त्याने पहिलं वाक्य हे म्हटलं की भाऊ, आधी व्हर्जन दाखवा मग पैशाचं बोलू. मशीन टीव्हीला लावलं, सेटिंगमध्ये जाऊन व्हर्जन बघितलं, मागचा मॉडेल नंबर फोनवर टिपला, आणि मग समजावून सांगितलं की या मशीनमध्ये साउथब्रिज, म्हणजे यूएसबी-नेट वगैरे सांभाळणारी चिप, कोणता आहे त्याच्यावर पुढचं सगळं ठरतं. जुन्या जाड्या मशीनमध्ये एओलिया नावाची चिप, नंतरच्यांमध्ये बेलीझ नाहीतर बायकाल, आणि प्रत्येकाला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, वेगळं लागतं, चुकीचं टाकलं तर स्क्रीन काळीच राहते. आमचं बायकाल निघालं, लिनक्समध्ये ज्याला सगळ्यात उशिरा धड सपोर्ट मिळाला ते. हे त्याने काम घ्यायच्या आधी सांगितलं, ब्लूटूथने त्रास दिला तर मला बोलू नका हेही आधीच सांगितलं. मला असा माणूस आवडतो. या कामात निम्मा भरवसा माणसावरच असतो, कारण आत काय केलं ते गिऱ्हाइकाला दिसत नाही.

मशीन उघडून साफ करणं आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारी) बदलणं हेही त्याच्याकडूनच करून घेतलं आणि ते लिनक्सपेक्षा महत्त्वाचं होतं असं मी म्हणेन. धुळ्या-जळगावची धूळ आणि मे महिन्यातलं ऊन, पारा ४५ च्या वर जातो, भुसावळकर तर याहून जास्त सांगतील, त्यात फॅनच्या पात्यांवर जे बसलेलं होतं ते बघून घरच्यांना धक्काच बसला. पेस्ट वाळून पावडर झाली होती. कुठलाही कन्सोल खानदेशात वापरत असाल तर उन्हाळा लागायच्या आधी एकदा हे करून घ्याच, लिनक्स टाका नाहीतर टाकू नका.

लिनक्स टाकल्यावर आत नक्की काय होतं ते थोडं लिहितो कारण दुकानात बरेच जण विचारत होते की मग गेम गेले का सगळे. नाही गेले. आतल्या हार्डडिस्कला हातच लागत नाही. लिनक्स बाहेरच्या यूएसबी डिस्कवर राहतं, आम्ही एक २४० जीबीची एसएसडी केसिंगमध्ये घालून मागे ठेवलीय. तिच्यावर एक छोटा फॅट ३२ चा भाग, त्यात कर्नल आणि सुरुवातीची फाइल, आणि उरलेल्या जागेत ईएक्सटी ४ मध्ये पूर्ण सिस्टीम. मशीन चालू केलं की नेहमीसारखी सोनीची सिस्टीमच येते, मग ब्राउझरमधून ती फट वापरायची, गोल्डहेन नावाचं, बाहेरचे प्रोग्राम चालू देणारं सॉफ्टवेअर लोड होतं, त्यानंतर लिनक्सचा पेलोड, म्हणजे लिनक्स सुरू करणारा छोटा प्रोग्राम, पाठवायचा, तो चालू असलेल्या सिस्टीमच्या कर्नलवरून सरळ लिनक्सच्या कर्नलवर उडी मारतो आणि टीव्हीवर पांढरी अक्षरं पळायला लागतात. परत गेम खेळायचे तर रीस्टार्ट करा, मशीन पहिल्यासारखं.

ही अक्षरं पहिल्यांदा घरच्या मोठ्या टीव्हीवर दिसली तेव्हा योगायोगाने सासरे आलेले होते, साक्रीकडचे आहेत, घरात अहिराणीच बोलतात, ते थोडा वेळ बघत बसले आणि म्हणाले, हाई ते बठ्ठं कम्प्युटरच शे ना मंग! एकदम बरोबर. आत एएमडीचा आठ कोरचा जॅग्वार प्रोसेसर आहे १.६ गिगाहर्ट्झचा, ८ जीबी जीडीडीआर ५ मेमरी जी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांत वाटून आहे, आणि १.८४ टेराफ्लॉपचं रेडिऑन ग्राफिक्स. नेहमीच्या पीसीचीच जात. तरी तो पीसी नाही हेही तितकंच खरं, कारण त्यात बायोस, म्हणजे पीसी चालू करणारा सुरुवातीचा प्रोग्राम, नाही, पीसीमध्ये चाळीस वर्षांपासून गृहीत धरलेले काही टायमर नाहीत, आणि ग्राफिक्समधून निघतो तो डिस्प्लेपोर्टचा सिग्नल, त्याचं एचडीएमआय करायला मध्ये वेगळी चिप बसवलेली आहे, तिचा ड्रायव्हर कुणी दिलेला नाही. फेलओव्हरफ्लो नावाच्या गटाने हे सगळं उलगडून डिसेंबर २०१५ मध्ये जर्मनीतल्या हॅकरांच्या वार्षिक संमेलनात पीएस ४ वर लिनक्स चालवून दाखवलं. आमचं गोलाणीत बाराशे रुपयात जे काम झालं ते त्या लोकांनी फुकट करून ठेवलेल्या कामावर उभं आहे.

टीव्हीचंही एक सांगतो. सगळ्या टीव्हीवर चित्र येतंच असं नाही. आमच्या हॉलमधल्या टीव्हीवर पहिल्या झटक्यात आलं, वरच्या खोलीतल्या छोट्या टीव्हीवर येतच नाही, तीच केबल तेच मशीन. दुकानात चाललं म्हणून घरी चालेल असं धरू नका, जमलं तर घरचा मॉनिटर सोबत घेऊन जा.

आता वापराचं. आर्च नावाच्या लिनक्सवर बेतलेली, पीएस ४ साठी म्हणून बांधलेली लिनक्स आहे आमच्याकडे. फायरफॉक्स नीट चालतो, यूट्यूब १०८० ला अडखळत नाही, ४ के च्या नादी लागू नका. लिब्रेऑफिस उघडायला जरा वेळ घेतं, उघडल्यावर ठीक. मराठी सुरुवातीला डबे-डबे दिसत होतं, लोहित आणि नोटोचे फॉन्ट टाकले, आयबस या टाइपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला, झालं, आता बायको तिच्या शाळेचे पेपर त्याच्यावरच टाइप करते, टीव्हीवर अक्षर मोठं दिसतं म्हणून डोळ्यांना बरं पडतं म्हणते. वाय-फाय आमच्या मशीनला रडतरडत चालायचं, शेवटी सरळ लॅन केबल ओढली. ब्लूटूथवर विसंबूच नका, वायरचा कीबोर्ड-माउस ठेवा. त्यातही स्लिमला पुढे दोनच यूएसबी पोर्ट आहेत, मागे एकही नाही, म्हणजे एसएसडी मागे ठेवली तरी तिची वायर पुढूनच येते, त्यामुळे एक चांगला यूएसबी हब लागतोच, स्वस्तातला घेतला तर एसएसडी मध्येच सुटते.

वेगाचं खरं सांगायचं तर एकेक कोर हळू आहे. आठ कोर आहेत म्हणून आठपट वेग असं होत नाही, ब्राउझरमध्ये जड पान उघडलं की जाणवतं. पण जिथे काम वाटून देता येतं तिथे हे मशीन खरंच धावतं. भाच्याने सी मधला एक मोठा प्रोजेक्ट आठही कोर लावून कंपाइल केला तेव्हा त्याच्या लॅपटॉपच्या बरोबरीने झालं, त्याचा लॅपटॉप साधाच आहे तो भाग वेगळा. गेममध्ये सुपरटक्सकार्ट मस्त चालतो, घरातली लहान पोरं त्याच्यावर फिदा आहेत, स्टीमवरचे जुने गेमही चालतात. पीएस २ चे गेम चालवणारे इम्युलेटर मात्र त्या हळू कोरमुळे अडखळतात, त्यासाठी कुणी करणार असेल तर निराशा होईल. पीएस ४ चा रिमोट, ड्युअलशॉक ४, वायरने लावला की लगेच ओळखला जातो. आणि त्याचा लिनक्समधला ड्रायव्हर सोनीच्याच लोकांनी लिहून कर्नलमध्ये दिलेला आहे. म्हणजे कंपनीला लिनक्सचं वावडं नाही, रिमोटसाठी स्वतः ड्रायव्हर लिहितात, फक्त मशीनवर चालू देत नाहीत. हे मला पटत नाही, आणि याच्यावर थोडं बोलायचंय कारण याच कंपनीने एकेकाळी उलटं केलं होतं.

पीएस २ च्या वेळी, २००२ मध्ये, सोनीने स्वतः लिनक्सचा किट विकला. ४० जीबीची हार्डडिस्क, नेटवर्क अडॅप्टर, कीबोर्ड, माउस, सगळं डब्यात. मशीनमध्ये मेमरी ३२ एमबी, तरी लोक त्याच्यावर प्रोग्रामिंग शिकले. पीएस ३ आला २००६ मध्ये, त्याच्या मेनूतच दुसरी सिस्टीम टाकायचा पर्याय होता, अदरओएस नावाचा, कुठली फट नको की पेनड्राइव्ह नको. यलो डॉग लिनक्सचं नवं व्हर्जन त्याच्यासाठी मुद्दाम निघालं. मर्यादा तिथेही होत्या, मेन मेमरी २५६ एमबीच आणि ग्राफिक्स चिपला लिनक्समधून हात लावू देत नव्हते, पण त्यातल्या सेल नावाच्या प्रोसेसरचे सहा छोटे कोर मोकळे मिळायचे. आणि त्याच्यावर लोकांनी काय केलं बघा. गौरव खन्ना नावाचे आपल्याकडचेच मूळ असलेले भौतिकशास्त्रज्ञ अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेत होते, त्यांनी २००७ मध्ये आधी ८ आणि मग १६ पीएस ३ जोडून कृष्णविवरांची गणितं सोडवली, कारण सुपरकॉम्प्युटरवर वेळ विकत घेण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं. पुढे २०१० मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने १,७६० पीएस ३ जोडून एक आख्खा सुपरकॉम्प्युटर उभा केला, कॉन्डॉर क्लस्टर.

आणि त्याच २०१० मध्ये, १ एप्रिलला, सोनीने ३.२१ नंबरचं अपडेट काढून लोकांच्या घरातल्या मशीनमधून अदरओएस काढून टाकलं. सिक्युरिटीचं कारण दिलं. नवीन पीएस ३ स्लिममध्ये तर आधीच, २००९ पासून, तो पर्याय ठेवला नव्हता. अपडेट नाही केलं तर ऑनलाइन खेळता येणार नाही, केलं तर लिनक्स गेलं. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूतला एक भाग नंतर काढून घेतला. म्हणजे सातबारा तुमच्या नावावर आणि विहिरीचं पाणी कुठल्या वावराला द्यायचं ते दुसराच ठरवणार. अमेरिकेत ग्राहकांनी कंपनीला कोर्टात खेचलं, ते प्रकरण वर्षानुवर्षं चाललं आणि शेवटी ३७.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. २०१० च्याच डिसेंबरात फेलओव्हरफ्लोवाल्यांनी पीएस ३ च्या सहीची पद्धत, म्हणजे प्रोग्राम सोनीचाच आहे हे मशीन ज्या डिजिटल सहीवरून ओळखतं ती, कशी फुटते ते जाहीर दाखवलं, सही करताना दर वेळी नवीन रँडम आकडा घ्यायचा असतो तिथे कंपनी एकच आकडा वापरत होती, त्यामुळे गुप्त किल्ली साध्या गणिताने निघत होती. आम्हाला आमचं लिनक्स परत हवंय, हे त्यांनी कारण सांगितलं होतं. मी त्यांच्या बाजूचा आहे. मशीन माझं, लाइटबिल मी भरतो, त्याच्यावर काय चालेल ते मी ठरवणार, यात कुणाचं नुकसान होत नाही.

नुकसान होतं ते पायरेटेड गेमने, आणि तो विषय टाळून हा रिव्ह्यू पूर्ण होणार नाही. त्या दुकानदाराने प्रामाणिकपणे विचारलं की गेमही भरून देऊ का, बरेच जण तेवढ्यासाठीच येतात. आम्ही नको म्हटलं. तो काही बोलला नाही, बिलातून ते काढलं आणि काम तसंच मन लावून केलं, हेही लिहिलं पाहिजे. पण कंपन्या जे एवढे दरवाजे लावून घेतात त्याचं खरं कारण हेच आहे आणि आपणच त्यांना ते कारण पुरवत राहिलो तर उद्याच्या मशीनमध्ये ही वाट उरणार नाही. लिनक्ससाठी उघडताय तर लिनक्ससाठीच उघडा.

आता ते दीड स्टार. एक तर सरळ लाइटीमुळे गेला. वर लिहिलं तसं हे लिनक्स मशीनमध्ये कायमचं बसत नाही, मेमरीत असतं तोवरच. लाइट गेली की सगळं गेलं, परत चालू करा, सोनीची सिस्टीम येईल, ती तक्रार करेल की मला नीट बंद केलं नाही, डिस्क तपासत बसेल, मग ब्राउझर, मग पेनड्राइव्ह, मग पेलोड. त्यात ती ब्राउझरची वाट दर वेळी लागतेच असं नाही, कधी मध्येच मशीन बंद पडतं आणि पहिल्यापासून. उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते-येते त्या दिवसात तर पेपर टाइप करता करता वैताग येतो. घरात इन्व्हर्टर असेल तरी तो पलटी मारताना मशीन टिकेलच असं नाही, आमचं टिकलं नाही, छोटा कॉम्प्युटरचा यूपीएस लावला तेव्हा कुठे शांतता झाली. तालुक्याच्या किंवा खेड्याच्या ठिकाणी हे करणार असाल तर यूपीएसचा खर्च पहिल्यापासून धरा. स्लीपसुद्धा धड होत नाही, एक तर चालू नाहीतर बंद, आणि चालू असलं की वीज खातं, रास्पबेरी पाय सारख्या छोट्या बोर्डच्या कितीतरी पट. रात्रंदिवस चालू ठेवायचा सर्व्हर म्हणून हे मशीन नाही.

उरलेला अर्धा उष्णतेचा. पेस्ट नवीन, फॅन साफ, गोल्डहेनमध्ये फॅन लवकर जोरात फिरेल असं सेट करून ठेवलंय, तरी मे महिन्यात दुपारी एक ते पाच आम्ही ते लावत नाही. कूलरची दमट हवा मशीनवर सरळ येऊ देऊ नका, हे दुकानातल्या पोराने बजावून सांगितलं होतं, आत धूळ ओली होऊन चिकटते.

मग साडेतीन कशाचे? भाच्याचे म्हणा हवं तर. सुट्टीत तो इथेच असतो, फैजपूरला त्यांचं केळीचं शेत आहे पण ऊन्हात तिकडे जायचं नाव काढत नाही, या मशीनला चिकटून असतो. कर्नल म्हणजे काय हे पुस्तकात परिच्छेद पाठ करून लिहायचा तो आता स्वतः पॅच लावून कर्नल बांधतो. स्क्रीन काळी राहिली की दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, आत शिरून लॉग वाचतो आणि कुठे अडलं ते शोधतो. ड्रायव्हर नसला तर काय होतं, बूट होताना आधी काय आणि नंतर काय, हे त्याला हाताने कळलंय. सगळं आयतं चालणाऱ्या लॅपटॉपवर हे शिकायची वेळच येत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रयोग करायला परवानगी मागण्याऐवजी, घरी बिघडवून बघायला एक मशीन मिळालं, आणि लिनक्सवाली डिस्क बिघडली तरी मशीनच्या आतलं काही जात नाही, डिस्क पुसा आणि परत टाका.

दुसरं कुठलं मशीन पडून असेल तर तेही थोडक्यात सांगतो. जाडा पीएस ३ असेल तर त्याच्यावर आजही सुधारित फर्मवेअर टाकून लिनक्स चालतं, पण २५६ एमबी मेमरीत आजचं इंटरनेट मावत नाही, अभ्यासापुरतं ठीक. निन्टेंडो वी आपल्याकडे कमी दिसतो, ज्याच्याकडे असेल त्याने होमब्रू चॅनल, म्हणजे हौशी लोकांचे प्रोग्राम चालवू देणारं सॉफ्टवेअर, टाकून बघावा, काम सोपं आहे, आत सगळी मिळून ८८ एमबी मेमरी आणि ७२९ मेगाहर्ट्झचा पॉवरपीसी, तरी त्याच्यावर नेटबीएसडी चालतं. निन्टेंडो स्विच असेल आणि तो २०१८ च्या मध्याच्या आधी बनलेला असेल तर त्याच्या बूट रॉममध्येच, म्हणजे मशीन चालू होताना पहिल्यांदा चालणाऱ्या, चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या कोडमध्येच, चूक आहे, ती कंपनीला अपडेटने बुजवता येत नाही, त्याच्यावर उबुंटू आणि अँड्रॉइड दोन्ही चालतात, आणि माझ्या मते यादीतला सगळ्यात सुखाचा प्रकार तोच. पहिला एक्सबॉक्स आता कुणाकडे उरलाय, पण टीव्हीवर व्हिडिओ बघायला कोडी नावाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ते कोडी म्हणजे आधीचं एक्सबीएमसी, एक्सबॉक्स मीडिया सेंटर, उघडलेल्या एक्सबॉक्सवर हौशी लोकांनी बनवलेलं. २०१४ मध्ये नाव बदललं.

खर्च असा झाला. सफाई आणि पेस्टचे सहाशे, लिनक्सचे बाराशे, एसएसडी आणि केसिंग मिळून अडीच हजारांच्या आत, हब साडेआठशे, यूपीएस वेगळा. दुकानात काम एका दिवसात होतं पण मशीन सकाळी नेऊन द्या, संध्याकाळी तिथे मोबाइलवाल्यांची एवढी गर्दी असते की नीट बोलणं होत नाही. सोबत पॉवर केबल, कंट्रोलर आणि त्याची डेटावाली वायर न्या, नुसती चार्जिंगची वायर चालत नाही. आणि घरातून निघायच्या आधी सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक अपडेट बंद आहे ना ते बघा, दुकानातल्या वाय-फायला मशीन लागलं आणि रात्रीतून अपडेट झालं तर मग मागे जाता येत नाही.